पाठकोऱ्या पानांवरची इंग्रजी

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र मुद्दाम चारचौघांसमोर लिहितेय. तुम्ही माझ्यासाठी काय केलंत, हे लोकांना कळायला हवं.

मी मराठी शाळेत शिकलेली. स्पर्धा परीक्षेसाठी रोज वीस अवघड इंग्रजी शब्द घोकायचे आणि आठ दिवसांत विसरायचे. एकदा क्लासच्या भाषांतराच्या पेपरात ‘सँक्शन्स’ आला. आमच्या घरातला हा ओळखीचा शब्द. बाबांचं पीककर्ज ‘सँक्शन’ झालं की बियाणं यायचं. मी बेधडक लिहिलं, ‘अमेरिकेने इराणला मंजुऱ्या दिल्या.’ ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचलं गेलं. त्या संध्याकाळी तुमच्या ओट्यावर येऊन मी रडले.

तुम्ही हसला नाहीत. कॅलेंडरचं पाठकोरं पान ओढलंत आणि म्हणालात, “मूळ लॅटिन अर्थ कायद्याने पक्कं करणं. कायदा परवानगी देतो, तसा दंडही करतो. म्हणून कर्जही सँक्शन आणि निर्बंधही.”

मग पानाच्या मधोमध ‘वच्’ हा बोलण्याचा संस्कृत धातू लिहिलात. डावीकडे माझ्याकडून वदवून घेतलंत : वाचा, वचन, वाचाळ, वक्ता, प्रवचन. उजवीकडे लॅटिनचा ‘व्हॉक्स’, म्हणजे आवाज. आपल्या वाचेचा लांबचा भाऊ. त्याखाली ‘व्होसिफरस’, आवाज चढवून बोलणारा. ‘इक्विव्होकल’, दोन्हीकडे लागू पडेल असं मोघम. आणि ‘ॲडव्होकेट’, मदतीला हाक मारून बोलावलेला. कोर्टात लघुलेखक म्हणून आयुष्यभर ज्यांचे युक्तिवाद उतरवून घेतलेत, त्यांच्या पाटीवरचा शब्द! ‘व्होकॅब्युलरी’सुद्धा त्याच घरातली निघाली. वाचेशी तिचं नातं लागतं हे कळलं आणि माझी भीती गेली ती गेलीच.

पुढे दोन वर्षं तुम्ही मला वाक्याशिवाय शब्द घेऊ दिला नाहीत. आधी अंदाज, मग कोश. अबोल माणूस आणि हातचं राखून बोलणारा माणूस यांतला फरक ‘टॅसिटर्न’ आणि ‘रेटिसंट’मध्ये मीच शोधायचा, तुम्ही नुसते थांबायचात. इतकं थांबणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

आता मी निकालपत्रांची भाषांतरं करते, काका. परवा एकात ‘सँक्शन’ आला. मागचं-पुढचं वाचलं, सरकारी नोकरावर खटला भरायला लागते ती परवानगी होती. ‘मंजुरी’ लिहिलं आणि पेन खाली ठेवून तुम्हाला हे पत्र लिहायला घेतलं.

तुमची,
ओट्यावरची विद्यार्थिनी