तो हात कोणाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या अंकात रोहन बोपण्णाच्या निवृत्तीला अर्धं पान दिलंत, त्याबद्दल आभार. एरवी टेनिसच्या वाट्याला क्रिकेटच्या धावफलकाखालची चिंचोळी पट्टी येते. पण २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनचा जो फोटो छापलात, त्यात बोपण्णा हसतोय आणि त्याच्या खांद्यावर एक हात आहे. हात मनगटापर्यंतच. पुढचा माणूस कापला गेलाय. फोटोखाली त्याचं नाव नाही, लेखातही नाही. लेखात फक्त 'सहकाऱ्याच्या साथीने'.

त्या हाताचं नाव मॅथ्यू एब्डन. बोलेल्ली-वावासोरी जोडीविरुद्ध ७-६, ७-५ अशी पुरुष दुहेरीची ती फायनल दोघांनी जिंकली, पहिल्या सेटचा टायब्रेक, म्हणजे ६-६ नंतरचा निर्णायक गेम, तर ७-० असा. एब्डन त्याआधी २०२२ मध्ये मॅक्स पर्सेलबरोबर विम्बल्डन जिंकलेला होता, म्हणजे घरात पुरुष दुहेरीचा मोठा चषक असलेला त्या जोडीत हाच. बोपण्णा त्रेचाळिसाव्या वर्षी जगात पहिला झाला, हे तुम्ही चौकटीत छापलंत, छापायलाच हवं होतं. दुहेरीत क्रमवारी प्रत्येकाची वेगळी असते आणि थोड्याच दिवसांत एब्डनही पहिला झाला, याला चौकट नाही. त्याच वर्षी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्याला ऐनवेळी एकेरीत उभं केलं आणि जोकोविचने ६-०, ६-१ असा धुतला. लोक हसले. आठवड्याभरात जॉन पीअर्सबरोबर दुहेरीचं सुवर्ण गळ्यात घालून तो घरी गेला. 'एकेरीत जमलं नाही म्हणून दुहेरीकडे वळला' हे वाक्य लेखात दोनदा लिहिणाऱ्या आपल्या प्रतिनिधींना हे कळवावं.

मला राग येण्याचं कारण जरा खासगी आहे. १९८४ साली शहरातल्या एका क्लबाची दिवाळी स्पर्धा आम्ही दोघांनी जिंकली. पार्टनरची सर्व्हिस जबरदस्त, मी नेटवर. पार्टनरला खूण करायला पाठीमागे हात न्यायचा, मूठ म्हणजे मी जागेवर, उघडा पंजा म्हणजे आडवा धावणार. समोरच्याचा एक डोळा बॉलवर आणि एक माझ्यावर. मी नुसता खांदा हलवला तरी तो रिटर्न नेटमध्ये घालायचा. टाळ्या सर्व्हिसला. त्याबद्दल तक्रार नाही, दुहेरीत असंच असतं.

तक्रार फळ्याची आहे. क्लबाच्या जिन्यात विजेत्यांचा लाकडी फळा आहे. पार्टनरचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं ऐसपैस रंगवल्यावर पेंटरला जागा उरली नाही. त्याने लिहिलं, 'व सहकारी'. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, दुसरा कोण ते सगळ्यांना ठाऊक आहे." तेव्हा होतं. आता त्या जिन्यातून जाणाऱ्यांपैकी कोणालाही नाही. गेल्या वर्षी फळा काढून तिथे काळा ग्रॅनाइट बसवला, सोनेरी अक्षरं. मजकूर जुन्या फळ्यावरून जसाच्या तसा उतरवला. मी अर्ज दिला. कमिटीने पुरावा मागितला, 'तत्कालीन वृत्तपत्राचे कात्रण चालेल'. कपाट उपसून कात्रण शोधलं. आपल्याच वृत्तपत्राचं. त्यात काय छापलंय, ते सांगायलाच हवं का? झेरॉक्स सोबत जोडली आहे. पार्टनर साक्षीला आला असता, पण तो २०११ मध्येच गेला.

म्हणजे सवय आपली जुनी आहे. २०१९ मध्ये बालेवाडीला बोपण्णा महाराष्ट्र ओपन जिंकला, तेव्हा मी स्टँडमध्ये होतो. कोर्टवर त्याच्या जोडीला दिविज शरण होता, डावखुरा. दुसऱ्या दिवशी आपला मथळा, 'बोपण्णाची बाजी'. (त्या रात्री परतीची बस पाऊण तास आली नाही, तो विषय वेगळा. त्यावर तीन पत्रं पाठवली, एकही छापून आलं नाही.) ती स्पर्धाही २०२३ नंतर पुण्यातून गेली, त्याचं कोणाला काही वाटलेलं दिसलं नाही. २०२४ मध्ये आपला अर्जुन कढे अल्माटीला एटीपीची, म्हणजे व्यावसायिक टेनिसपटूंच्या संघटनेची, दुहेरी स्पर्धा जिंकला, तर 'पुणेकर अर्जुनचे अजिंक्यपद', तेही संक्षिप्त बातम्यांत. तिसऱ्या सेटऐवजीचा टायब्रेक १४-१२ पर्यंत ताणला होता. त्याच्या शेजारी ऋत्विक बोल्लिपल्ली नावाचा मुलगा काय बॉल उचलायला उभा होता? पुणेकर नसला म्हणून काय झालं! बोपण्णा तरी कुठे पुणेकर आहे? माणूस कूर्गचा. लहानपणी नंदन बाळ यांच्याकडे शिकायला इथे होता, तेवढ्यावर आपण त्याला 'पुण्यात घडलेला' करून टाकलंत.

जागेची अडचण मला समजते. त्याच पानावर हिंजवडीच्या फ्लॅटची पाऊण पान जाहिरात होती, तिच्यात स्विमिंग पुलाजवळ बसलेलं अख्खं कुटुंब मावलं होतं, कुत्र्यासकट.

तेव्हा विनंती एवढीच की, फोटो पुन्हा छापावा, न कापता, आणि खाली एब्डनचं नाव द्यावं. माझ्या कात्रणाची दुरुस्ती एक्केचाळीस वर्षांनी कराल अशी आशा नाही. पत्राखाली माझं नाव स्वच्छ अक्षरात लिहिलं आहे. तरी आपण नेहमीप्रमाणे काय छापणार, ते माहीत आहे.

— एक वाचक, सहकारनगर, पुणे