बंदी घाला, पण आदेश लोकांसमोर ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी मालकीच्या समाजमाध्यमांवर सुरक्षेच्या कारणावरून सरकारने बंदी घालावी की नाही, या प्रश्नावरची आपल्याकडची चर्चा बहुधा देशप्रेम आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य या दोन टोकांवरच रेंगाळते. मी तालुका न्यायालयात वकिली करतो. माझ्या व्यवसायामुळे मला त्यातला वेगळाच भाग महत्त्वाचा वाटतो : बंदीचा आदेश कोणी काढला, कोणत्या पुराव्यावर काढला, तो कोणी तपासला आणि तो किती काळ लागू राहणार. असा अधिकार सरकारला असलाच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. तो अधिकार आपल्याकडे ज्या पद्धतीने वापरला गेला, तिच्यावर माझा आक्षेप आहे आणि त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

१५ जून २०२० च्या रात्री गलवान खोऱ्यातील संघर्षात आपल्या २० जवानांना वीरमरण आले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २९ जूनला, केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने टिकटॉक, हेलो, वीचॅट, यूसी ब्राउझर, शेअरइट, कॅमस्कॅनर अशा ५९ ॲपवर बंदी घातली. त्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील, ऑनलाइन माहिती लोकांपर्यंत पोहोचण्यापासून रोखण्याचा अधिकार सरकारला देणारे कलम ६९अ आणि त्याखालील २००९ च्या नियमांतली तातडीची तरतूद वापरण्यात आली. पुढे सप्टेंबरमध्ये पबजीसह ११८, नोव्हेंबरमध्ये ४३ आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये आणखी ५४ ॲप या यादीत गेली. वापरकर्त्यांची माहिती त्यांच्या नकळत देशाबाहेरील सर्व्हरवर पाठवली जात असल्याच्या तक्रारी आल्या आहेत आणि हे देशाच्या सार्वभौमत्वाला, संरक्षणाला व सार्वजनिक सुव्यवस्थेला बाधक आहे, असे त्या वेळच्या प्रसिद्धिपत्रकात म्हटले होते.

तो निर्णय मला तेव्हाही योग्य वाटला होता आणि आजही वाटतो. चीनच्या २०१७ च्या राष्ट्रीय गुप्तवार्ता कायद्यातील सातवे कलम तिथल्या प्रत्येक संस्थेला आणि नागरिकाला गुप्तवार्ता यंत्रणेशी सहकार्य करण्यास बांधून घेते. कंपनीचे अधिकारी कितीही प्रामाणिक असले, तरी नकार देण्याची मुभा त्यांना कायद्यानेच ठेवलेली नाही. ज्या देशाचे सैन्य सीमेवर आपल्या सैन्यासमोर उभे ठाकले आहे, त्या देशातील कंपनीच्या हाती आपल्या सुमारे २० कोटी नागरिकांचे संपर्क, ठिकाणे आणि आवडीनिवडी राहू द्याव्यात, असे कोणतेही जबाबदार सरकार म्हणणार नाही. ही भीती हवेतली नव्हती, याचा पुरावा पुढे कंपनीनेच दिला. डिसेंबर २०२२ मध्ये टिकटॉकची मालक असलेल्या बाइटडान्सने आपल्या काही कर्मचाऱ्यांनी अमेरिकी पत्रकारांची माहिती पाहिल्याचे मान्य केले. बातम्या बाहेर कोण फोडतो, याचा शोध त्यांना घ्यायचा होता.

एवढे मान्य केल्यावर कामकाजाच्या पद्धतीकडे वळतो. तातडीच्या तरतुदीखाली काढलेला आदेश ४८ तासांच्या आत समितीपुढे मांडावा लागतो. या समितीत सरकारी अधिकारी असतात. तिच्या वर पुनर्विलोकन समिती असते आणि तिने निदान दोन महिन्यांतून एकदा बसायचे असते. केंद्रात तिचे अध्यक्षपद मंत्रिमंडळ सचिवांकडे असते आणि बाकीचे सदस्यही सचिवच असतात. म्हणजे आदेश काढणारे, तो तपासणारे आणि त्यावर पुन्हा नजर टाकणारे असे सगळे शासनाच्या एकाच अंगातले आहेत. त्यात भर म्हणून २००९ च्या नियमांतील सोळावा नियम या साऱ्या कामकाजावर गोपनीयतेचे झाकण ठेवतो. श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी आक्षेपार्ह ऑनलाइन संदेशांसाठी शिक्षा ठरवणारे कलम ६६अ रद्द केले, पण ६९अ कायम ठेवले. ते ठेवताना न्यायालयाने ज्या गोष्टींचा आधार घेतला, त्यांत एक महत्त्वाची होती : कारणे लेखी नोंदवावी लागतात, म्हणून रिट याचिकेत त्यांना आव्हान देता येते. आता ज्याची कारणे पाहायलाच मिळत नाहीत, त्या आदेशाला आव्हान द्यायचे कसे, हे माझ्यासारख्या साध्या वकिलाला उमगत नाही. टिकटॉकने तर न्यायालयात जाण्याचा आपला इरादा नसल्याचे तेव्हाच जाहीर केले. त्यामुळे एवढा मोठा निर्णय न्यायालयातल्या उलटतपासणीच्या कसोटीवर चढला नाही.

याचा व्यवहारातला परिणाम मी जवळून पाहिला आहे. त्या काळात आमच्या बार रूममध्ये जवळजवळ प्रत्येक वकिलाच्या आणि कारकुनाच्या मोबाइलमध्ये कॅमस्कॅनर होते. सातबारा उतारे, खरेदीखते, वकालतनामे, पक्षकारांची आधार आणि पॅन कार्डे, वारसाच्या दाखल्यासाठी आणलेली मृत्यू प्रमाणपत्रे, सगळे त्यातूनच जायचे. टाळेबंदीमुळे लोक कागद घेऊन तालुक्याला येऊ शकत नव्हते, तेव्हा तर गावातला एखादा तरुण घरोघरी जाऊन कागदांचे फोटो काढून द्यायचा. बंदी आली आणि आम्ही दुसरे ॲप घेतले. पण त्याआधी चढवलेल्या कागदांचे काय झाले, ते कुठल्या सर्व्हरवर आहेत, खाते बंद केल्यावर पुसले जातात की नाही, याबद्दल कोणत्याही सरकारी खात्याकडून आम्हाला एक ओळही कळली नाही. मंत्रालयाने या कंपन्यांना सविस्तर प्रश्नावली पाठवली होती आणि उत्तरे समाधानकारक नसल्याने जानेवारी २०२१ मध्ये बंदी कायम केल्याच्या बातम्या आल्या. ते प्रश्न आणि ती उत्तरे ज्या नागरिकांच्या माहितीबद्दल होती, त्यांना मात्र ती कधी दाखवली गेली नाहीत. माझ्या पक्षकारांपैकी कोणाचे खरेदीखत परदेशात पडून असेल, तर ते जाणून घेण्याचा पहिला हक्क त्याचा आहे.

अमेरिकेचे उदाहरण या बाबतीत लक्षपूर्वक पाहावे असे आहे. २०२० मध्ये ट्रम्प प्रशासनाने नुसत्या कार्यकारी आदेशाने टिकटॉक रोखण्याचा प्रयत्न केला, तो न्यायालयांत अडला. मग संसदेने कायदा केला आणि त्यावर २४ एप्रिल २०२४ रोजी अध्यक्ष बायडेन यांची सही झाली : कंपनीने ठरलेल्या मुदतीत मालकी सोडावी, नाहीतर ॲप बंद. १७ कोटी अमेरिकी वापरकर्त्यांचा प्रश्न असल्याने सर्वोच्च न्यायालयाने उघड सुनावणी घेतली आणि १७ जानेवारी २०२५ रोजी कायदा एकमताने वैध ठरवला. सरकारने तिथे गोपनीय पुरावाही दाखल केला होता, पण आपला निर्णय त्यावर आधारलेला नाही, असे न्यायालयाने निकालपत्रातच नमूद केले. पुढे ट्रम्प यांनी त्याच कायद्याच्या अंमलबजावणीला वारंवार मुदतवाढ दिली, ही त्या व्यवस्थेची लाजिरवाणी बाजू आहे. संसदेने केलेला आणि न्यायालयाने उचलून धरलेला कायदा एका व्यक्तीच्या मर्जीवर लटकत राहिला. अखेर सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतील व्यवसायाची बहुसंख्य मालकी चीनबाहेरच्या गुंतवणूकदारांकडे देणाऱ्या आराखड्याला त्यांनी मान्यता दिली. तरीही सामान्य अमेरिकी नागरिकाला कायद्याचा मजकूर वाचता आला, दोन्ही बाजूंचा युक्तिवाद ऐकता आला आणि निकालपत्र हातात मिळाले. आपल्या वाट्याला प्रसिद्धिपत्रक आले.

आपल्या कलम ६९अ मध्ये आणखी एक उणीव आहे, तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. ते कलम रोखायचे की नाही, एवढेच ठरवते. माहितीच्या वापराची तपासणी लावा, सर्व्हर देशात आणा, मालकी बदला, ठरावीक वर्गासाठीच वापर बंद करा, असे मधले मार्ग त्यात नाहीत. ते मार्ग अशक्य नाहीत, हे अनुभवावरून दिसते. ग्राइंडर हे समलिंगी पुरुषांत लोकप्रिय असलेले ॲप एका चिनी कंपनीने विकत घेतले होते. वापरकर्त्यांच्या अत्यंत खाजगी माहितीचा उपयोग धमकावण्यासाठी होऊ शकतो, या भीतीने अमेरिकेच्या परदेशी गुंतवणूक समितीने दबाव आणला आणि २०२० मध्ये त्या कंपनीला ते विकून टाकावे लागले. ॲप चालू राहिले, मालक बदलला. आपल्याकडेही पबजी बंद झाल्यावर तिच्या कोरियन मालकांनी जुलै २०२१ मध्ये भारतासाठी वेगळी आवृत्ती आणली, ती जुलै २०२२ मध्ये पुन्हा बंद झाली आणि मे २०२३ मध्ये सर्व्हरची जागा व माहितीची सुरक्षितता तपासून तीन महिन्यांच्या चाचणीसाठी परत सुरू झाली. पहिल्या ५९ च्या यादीतले शीन हे खरेदीचे ॲप फेब्रुवारी २०२५ मध्ये रिलायन्सबरोबरच्या करारातून परतले, माहिती भारतातच राहील या अटीवर. म्हणजे अटी घालून परवानगी देण्याचे धोरण सरकार प्रत्यक्षात राबवते आहेच. अडचण अशी की ते प्रकरणागणिक, बंद दाराआड ठरते. कोणत्या अटी पूर्ण केल्यावर कोणाला दार उघडते, याचा लेखी नियम नसल्याने एकाला परतीची वाट मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही, असे कोणी म्हटले तर त्याला उत्तर देणे सरकारलाही अवघड जाईल.

मालकी चिनी आहे म्हणून धोका आणि अमेरिकी आहे म्हणून निर्धास्त, हा समजही सोडून दिला पाहिजे. स्ट्राव्हा हे व्यायामाची नोंद ठेवणारे ॲप अमेरिकी कंपनीचे आहे. त्याच्या वापरकर्त्यांच्या धावण्याच्या मार्गांचा नकाशा जानेवारी २०१८ मध्ये चर्चेत आला, तेव्हा संघर्षग्रस्त भागातील लष्करी तळांच्या कडा त्यात उजळून दिसत होत्या. केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या प्रकरणात सुमारे ५ लाख ६२ हजार भारतीयांची माहिती गेली असू शकते, हे फेसबुकनेच २०१८ मध्ये सांगितले. मे २०२३ मध्ये पुण्यातील डीआरडीओच्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञाला राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने अटक केली. पाकिस्तानी हेराशी व्हॉट्सॲपसारख्या माध्यमांतून संपर्क ठेवून गोपनीय माहिती पुरवल्याचा आरोप त्याच्यावर आहे. आरोपांचा निवाडा न्यायालय करील, पण संपर्काचे साधन मित्रराष्ट्रातील कंपनीचे होते, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. आपल्या लष्कराने हे आधीच ओळखले होते. जुलै २०२० मध्ये जवानांना आणि अधिकाऱ्यांना जी ८९ ॲप काढून टाकण्यास सांगितले गेले, त्यांत फेसबुक आणि इन्स्टाग्रामही होते. ज्याच्या हाती गुपित आहे त्याच्यापुरती कडक बंदी, हा मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. तो केंद्र आणि राज्य सरकारांच्या संवेदनशील खात्यांतही लागू व्हावा.

टिकटॉक गेल्यावर गावोगावचे कलाकार, शेतात उभे राहून शेतीची माहिती देणारी मुले आणि लावणीच्या चार ओळींवर लाखो लोकांना थांबवणाऱ्या मुली काही आठवड्यांत इन्स्टाग्रामच्या रील्सवर आणि यूट्यूबवर गेल्या. ज्यांना जमले नाही, त्यांचे जमवलेले प्रेक्षक कायमचे तुटले. माहितीची साठवण एका परदेशी कंपनीकडून दुसरीकडे गेली आणि तिच्यावर अंकुश ठेवणारा कायदा तेव्हा आपल्याकडे नव्हताच. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने लागू व्हायला त्यापुढे दीड वर्षाची मुदत ठेवली. शिवाय सरकारी यंत्रणांना त्यातून सूट देण्याची तरतूदही त्यात आहे. सर्व कंपन्यांना, त्या कुठल्याही देशाच्या असोत, हा कायदा दाताने आणि नखाने लागू झाला असता, तर बंदीची वेळ फार थोड्यांवर आली असती.

आदेशांच्या गोपनीयतेमागे सरकारचा युक्तिवाद असा असतो की कारणे उघड केली तर गुप्तवार्ता यंत्रणेच्या पद्धती शत्रूला कळतील. हे काही अंशी खरे आहे. पण संवेदनशील परिच्छेद झाकून उरलेला आदेश प्रसिद्ध करणे ही न्यायालयांतली रुळलेली रीत आहे. इंटरनेट बंदीबाबतच्या अनुराधा भसीन प्रकरणात १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, असे बजावले. ॲपबंदीला निराळा न्याय का असावा? कारणे लोकांना पटवण्याची तसदी न घेता सरसकट बंदी घातली की काय होते, ते शेजारच्या नेपाळने भोगले. ४ सप्टेंबर २०२५ रोजी नोंदणी केली नाही म्हणून तिथे २६ समाजमाध्यमे बंद केली गेली. भ्रष्टाचाराविरुद्धचा संताप आधीच धुमसत होता. ८ सप्टेंबरच्या आंदोलनात एका दिवसात १९ जणांचे प्राण गेले, त्याच रात्री बंदी उठली आणि दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला. तेथील परिस्थिती आपल्यासारखी नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही परदेशात राबणाऱ्या मुलांशी ज्या साधनावर घरचे बोलतात, ते साधन एका फटक्यात काढून घेताना किती विचार करावा लागतो, एवढे त्यातून निश्चित दिसते.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. २९ जून २०२० आणि त्यानंतरच्या ॲपबंदीचे आदेश, आवश्यक तो भाग झाकून, मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ठेवावेत. प्रत्येक बंदीला मुदत असावी आणि मुदत वाढवताना कारणे नव्याने नोंदवावीत. पुनर्विलोकन समितीत किमान एक निवृत्त न्यायाधीश आणि एक तांत्रिक तज्ज्ञ असावा. बंद झालेल्या ॲपकडे आधी गेलेल्या माहितीचे काय झाले, हे कंपनीकडून लेखी घेऊन नागरिकांना कळवावे. मधल्या मार्गांसाठी कलम ६९अ च्या जोडीला संसदेने स्वतंत्र कायदा करावा. या कामासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. पहिल्या मागणीसाठी तर नवा कायदाही लागत नाही, नियमात बदल पुरेसा आहे. महाराष्ट्रातील ४८ लोकसभा सदस्यांपैकी कोणीही तारांकित प्रश्न विचारून याची सुरुवात करू शकतो. मी हे मुद्दे आमच्या मतदारसंघाच्या खासदारांना लेखी कळवीत असून, त्यांचे उत्तर आल्यास ते प्रसिद्धीसाठी आपल्याकडे पाठवीन.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वकील वाचक, जि. सातारा