शनिवार आणि बरोबरी

अलिबाग

प्रिय सुहास,

परवा फोनवर तू तावातावाने म्हणालास, 'जात-धर्म घरी ठेवावा, चौकात यावं ते नुसतं नागरिक म्हणून.' तेव्हा उत्तर सुचलं नाही. चार दिवस तेच डोक्यात घोळतंय, म्हणून लिहितो.

तुझं हे म्हणणं तुमच्या फ्रान्सच्या राज्यक्रांतीइतकंच जुनं आहे. डिसेंबर १७८९मध्ये क्लेर्मों-तोनेर या सभासदाने राष्ट्रसभेत ज्यूंची बाजू मांडली: समाज म्हणून त्यांना काही देऊ नका, व्यक्ती म्हणून सगळं द्या. माणूस ज्यूंच्या भल्याचंच बोलत होता. १७९१मध्ये नागरिकत्व मिळालंही.

आल्फ्रेद द्रेफ्यूस या ज्यूने नुसतं नागरिक होण्याचा तो शब्द पाळला. फ्रेंच तोफखान्यातला कॅप्टन, देशावर जीव टाकणारा. तरी १८९४मध्ये हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून त्याला शिक्षा झाली, पुढच्या जानेवारीत सगळ्यांसमोर अंगावरच्या फिती उपटल्या, तलवार मोडली. त्याने ज्यूपण घरी ठेवलं होतं रे, लोकांनी ते ओढून चौकात आणलं. मात्र त्याच्यासाठी जे उभे राहिले, तेही माणसाच्या हक्कांचं नाव घेऊनच. १९०६मध्ये तो निर्दोष ठरला. म्हणून तुझा विचार मला टाकवत नाही.

आता आपली इस्रायल आळी आठव. बेने इस्रायलांना, म्हणजे आपल्याकडच्या ज्यूंना, कोकणात कोणी शनिवार, त्यांचा धर्माने ठरवलेला विश्रांतीचा वार, सोडायला सांगितलं नाही. उलट शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावांनी नावच दिलं, शनवार तेली. याचा मला फार अभिमान वाटायचा. पण त्या नावातला 'तेली' मी कधी नीट ऐकलाच नव्हता. उतरंडीतली एक पायरी त्यांना नेमून दिली, आणि त्या पायरीवर बसून शनिवार पाळायची मुभा. बरोबरी कुठे दिली? पॅरिसने ती दिली, पण बदल्यात शनिवार मागितला.

मला दोन्ही एकत्र हवंय. १७९०मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष वॉशिंग्टन याने तिथल्या न्यूपोर्ट गावच्या ज्यूंना लिहिलं, की हक्क ही कुणी कुणावर केलेली मेहेरबानी नव्हे. वाचून भरून येतं. त्याच्या स्वतःच्या घरी गुलाम होते, हेही लगेच आठवतं.

तुमच्याकडे शाळेत ठळक धार्मिक चिन्हं घालायला बंदी करणाऱ्या २००४च्या कायद्यामुळे सरकारी शाळेतला ज्यू मुलगा किप्पा, म्हणजे त्याची धार्मिक टोपी, काढून वर्गात जातो. आठवड्याची सुट्टी मात्र रविवारचीच. त्याने काय घरी ठेवलं आणि बाकीच्यांना काय ठेवावं लागलं, ते मला सविस्तर लिही. वाट बघतो.

तुझा,
विनय