समासातल्या ‘कशावरून?’बद्दल आभार

ती. काकांना शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या हातात दिलं असतं, तर तुम्ही आधी त्यातल्या वेलांट्या तपासल्या असत्या. मग ‘आभार कसले मानतेस’ म्हणत घडी करून कुठल्यातरी पुस्तकात ठेवून दिलं असतं. म्हणून चारचौघांत लिहितेय. नाव घालत नाही, ते तुम्हाला खपणार नाही. चरईतल्या ज्यांना ओळखायचंय ते ओळखतीलच.

बी.ए.ला इंग्रजी साहित्य घेतलं म्हटलं की ठाण्यात पहिला प्रश्न येतो, ‘मग पुढे काय, क्लासेस काढणार?’ कळव्याला आमच्या चाळीत तर एकांनी विचारलं होतं, शेक्सपिअर वाचून सकाळच्या लोकलमध्ये बसायला जागा मिळते का. तुम्ही यातलं काहीच विचारलं नाहीत. मराठी ग्रंथ संग्रहालयात माझ्या शेजारी पेपर वाचत बसला होतात. माझ्या वहीकडे बघून एवढंच म्हणालात, ‘गाईड कुठलं वापरता तुम्ही मुलं?’

तुमची उभी हयात छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेली, हे मला नंतर कळलं. आधी खिळ्यांच्या छपाईची, मग ऑफसेटची. मराठी तर होतीच, पण कॉलेजच्या इंग्रजी पुस्तकांचीही. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की शर्टाच्या खिशातून तासलेली पेन्सिल निघाली आणि माझ्या उत्तराच्या पहिल्याच वाक्याशेजारी, समासात, बारीक अक्षरात उमटलं: ‘कशावरून?’

वाक्य काय होतं? वर्डस्वर्थ हा निसर्गाचा पूजक होता. आमच्या अख्ख्या वर्गाच्या उत्तरपत्रिका याच वाक्याने सुरू व्हायच्या, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. कविता डॅफोडिलची. मी म्हटलं, काका, इतक्या फुलांचं वर्णन आहे, म्हणजे पूजकच ना! तुम्ही म्हणालात, ‘डॅफोडिल मीही पाहिलेलं नाही. ओळी पाहिल्यात. शेवटचं कडवं कुठे घडतं ते सांग.’

मी वाचलं. शेवटचं कडवं तळ्याकाठी घडतच नाही. कवी घरात कोचावर पडलाय, मन रिकामं आहे, आणि फुलं आठवतायत. कवितेतला खरा आनंद फुलांसमोर उभं असताना मिळत नाही, तो नंतर मिळतो, एकट्याने, छपराखाली. कविता पाठ होती तरी हे कधी दिसलं नव्हतं, कारण गाईडमधलं वाक्य आधीच तिथे ठाण मांडून बसलेलं. पुढे मला आणखी सापडलं की ती फुलं पाहिली तेव्हा कवी एकटा नव्हताच. बहीण डोरोथी सोबत होती आणि तिने 15 एप्रिल 1802 च्या रोजनिशीत ती फुलं टिपून ठेवली आहेत. कविता छापली गेली 1807 मध्ये, आणि तिच्यात बहिणीचा मागमूस नाही. मी हे धावत येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही पेपर खाली ठेवलात. ‘आता याच्यावर लिही,’ म्हणालात.

लिहायला तुम्ही शिकवलंत ते असं. निबंध पुढे ठेवला की पहिल्या परिच्छेदावर तळहात ठेवायचात आणि म्हणायचात, आता वाच. हाताखाली झाकलेल्या मजकुराशिवाय निबंध नीट चालला, की तो परिच्छेद गेला. माझे किती सुंदर सुंदर परिच्छेद त्या तळहाताखाली मेलेत! ‘व्हेरी’ आणि ‘ब्युटिफुली’ वर तर तुमचा जुना राग. आमच्या अभ्यासक्रमात लेखनकलेचा आख्खा पेपर होता. त्यात परिच्छेदाचे प्रकार पाठ केले, पण परिच्छेद काढून टाकता येतो हे त्यात कुठे नव्हतं.

अठराव्या शतकाच्या पेपरला मी कंटाळले होते. विगवाले गंभीर लोक, लांबच लांब वाक्यं. त्यातला डॉक्टर जॉन्सन तर परीक्षेपुरताच बरा. तुम्ही हसलात आणि म्हणालात, तो आपल्याकडे केव्हाच येऊन गेलाय. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत त्याच्यावर लिहिलंय. त्याच्या ‘रासेलस’चं मराठी भाषांतर वडील कृष्णशास्त्र्यांनी हाती घेतलं आणि मुलाने पुरं केलं. मग तुम्ही मला ती हकिगत सांगितलीत: आईच्या अंत्यविधीचा खर्च भागवायला जॉन्सनने 1759 मध्ये ते पुस्तक आठवडाभरात लिहून काढलं. त्यानंतर मला तो माणूस विगशिवाय दिसायला लागला.

पण तुमचा जीव अडकला होता त्याच्या 1755 च्या शब्दकोशात. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश तुमच्या टेबलावर कायम उघडा, तेव्हा कोशांबद्दल तुम्हाला काय सांगावं! जॉन्सनने नुसते अर्थ दिले नाहीत, शब्दाखाली लेखकांची वाक्यं दिली, हजारोंनी, म्हणजे हा अर्थ कुठे आणि कोणी वापरला ते वाचणाऱ्याला बघता यावं. ‘हा माणूस स्वतःलाच कशावरून विचारत बसला होता,’ तुम्ही म्हणालात. मी त्या पेपरात त्याच मुद्द्यावर उत्तर लिहिलं. सहा पेपरांपैकी तेवढा एकच मी मजेत दिला.

आपलं पटलं नाही ते एकाच बाबतीत. अरुण कोलटकरांची ‘जेजुरी’ ही इंग्रजी कवितामालिका 1976 ची, तिला दुसऱ्या वर्षी कॉमनवेल्थ पुरस्कार मिळाला, पण तुमचं म्हणणं, जेजुरीवर मराठी माणसाने इंग्रजीत कशाला लिहायचं, आणि तेही इतकं कोरडं, भाव नाही त्यात. मी म्हटलं, ‘कशावरून?’ तुम्ही चष्मा काढून पुसलात. दुसऱ्या दिवशी पुस्तक परत आणलंत तेव्हा काही कवितांशेजारी पेन्सिलीच्या खुणा होत्या. मत तुम्ही बदललं नाहीत. मीही नाही. अजूनही वाटतं, तो कोरडेपणा नसता तर ती कविता आरती झाली असती.

मार्कांचं विचाराल तर फार फरक पडला नाही. परीक्षक गठ्ठ्यातून उत्तरं तपासतात, त्यांना ओळखीची वाक्यं हवी असतात, असा माझा अनुभव. याबद्दल तुम्ही कधी हळहळला नाहीत आणि मलाही हळहळू दिलं नाहीत, त्याचेही आभार. सध्या ऐरोलीत एका कंपनीसाठी मजकूर लिहिते, आणि एम.ए.चा फॉर्म भरलाय. ऑफिसात माझ्याकडे येणाऱ्या कच्च्या मजकुरावर मी काय लिहिते ते तुम्ही ओळखलंच असेल. इंग्रजी मजकूर असला तरी समासात मराठीतच.

परवा वहिनी जांभळी नाक्यावर भेटल्या. म्हणाल्या, तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी इतक्यात वाचायचं नाही म्हणून बजावलंय आणि तुम्ही घर डोक्यावर घेतलंय. हे पत्रही त्याच तुम्हाला वाचून दाखवणार आहेत, तेव्हा वेलांट्यांवरून मी यावेळी सुटले. रविवारी सकाळी येते, दहाच्या सुमारास. वाचून मी दाखवीन, पुस्तक तुम्ही निवडून ठेवा. जाडजूड असलं तरी चालेल, ऑक्टोबरपर्यंत माझे रविवार मोकळे आहेत. वहिनींना सांगा, चहाला आलं मी घेऊन येतेय.

तुमची,
कळव्याची विद्यार्थिनी