नळांसाठी बांधलेला पूल

न्यू यॉर्क

ती. बाबांस,
सा. नमस्कार वि. वि.

आईला सांगा, थंडी ओसरली, कानटोपी कपाटात गेली. बाकीचं पत्र पाणीखात्यातल्या माणसासाठी.

रविवारी हाय ब्रिज चालत ओलांडला. ब्रॉन्क्स आणि मॅनहॅटनच्या मधोमध हार्लेम नदी आहे, तिच्यावरचा हा पूल मुळात नळांसाठी बांधलेला. 1832 ची पटकी आणि 1835 ची आग यांनी शहराचे डोळे उघडले आणि 66 किलोमीटरवरच्या क्रोटन नदीचं पाणी पाटानं आणायचं ठरलं. मैलाला जेमतेम 13 इंच उतार, पाणी आपल्या पायानं शहरात. 1842 साली ते पोचलंसुद्धा, आणि पूल पुरा झाला 1848 ला! तोवर नदीवर तात्पुरता नळ. तुमच्या खात्यातलं 'तात्पुरतं' किती वर्षं टिकायचं ते आठवून हसू आलं.

मुख्य अभियंता जॉन जर्व्हिस यांना बुटका, स्वस्तातला पूल हवा होता. पण गलबतांना वाट हवी. विधिमंडळानं बजावलं, कमानी भरतीच्या पाण्यापासून 100 फूट वर घ्या, नाहीतर नदीखालून बोगदा खणा. मग 15 दगडी कमानी उठल्या. तरी पठ्ठ्यानं थोडी उंची वाचवलीच! पूल पाटाच्या पातळीपेक्षा खाली ठेवला आणि वरून बिडाचे बंद नळ नेले. अलीकडे उतरलेलं पाणी स्वतःच्याच दाबानं पलीकडे चढायचं. तुम्ही मोरीत बादली आणि रबरी नळी घेऊन दाखवायचात, तसंच.

पुढे ते नळ पुरेनात, तेव्हा 1860 च्या दशकात साडेसात फूट व्यासाचा थोरला नळ टाकला. आज लोक चालतात ती विटांची वाट त्याच्या डोक्यावरून जाते.

जहाजांना अडचण होते म्हणून 1920 च्या दशकात नदीतल्या कमानी पाडून पोलादाची एकच लांब कमान बसवली. मला ती उपरीच वाटते. दगडी काम बघायचं तर ब्रॉन्क्सच्या बाजूला. त्या कमानींखालून आता हायवे आणि रेल्वे धावते.

नळातून पाणी जायचं कधीच थांबलंय. पूलही चाळीसेक वर्षं बंद होता, 2015 साली उघडला. मुलुंडला तानसा तलावाचं पाणी मुंबईत आणणाऱ्या नळावर चढलो की तुम्ही ओरडायचात. इथे सरकारनंच वर वाट करून, कठडे लावून दिलेत.

तानसाची पहिली लाइनही बिडाचीच होती ना? शनिवारी फोनवर सांगा. आणि बीपीची गोळी चुकवू नका, आई मला सगळं कळवते.

तुमची,
सुमी