बाबा, डॅक घ्या, पण छोटा

निशी-कसाई, टोकियो

तीर्थरूप बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवरची गाणी हेडफोनवर चांगली ऐकू यावीत म्हणून समोरच्या काकांनी तुम्हाला पंचवीस हजारांचा डॅक सुचवलाय, असं आई म्हणाली. तो घेऊ नका. निदान आत्ता तरी.

डॅक तुमच्याकडे आहेच. फोनमध्ये गाणं आकड्यांच्या रूपात असतं. सीडीच्या दर्जाचं असेल तर सेकंदाला ४४,१०० आकडे, तेही दोन्ही कानांसाठी वेगळे. त्या आकड्यांवरून हेडफोनला चालेल असा विजेचा चढउतार तयार करायचा, एवढंच डॅकचं काम. दादाने दिवाळीला दिलेल्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये तो आतच बसवलेला आहे, त्यामुळे ते वापरणार असाल तर बाहेरून कितीही भारी डॅक आणा, त्याचा संबंधच येत नाही. प्रश्न फक्त तुमच्या जुन्या वायरवाल्या हेडफोनचा, कारण नव्या फोनला गोल पिनेचं भोकच नाही.

त्यासाठी बोटभर लांबीचा डोंगल लागतो. एका टोकाला सी-टाइप पिन, दुसऱ्या टोकाला ३.५ मिलिमीटरचं भोक, आणि आत चिप. मोबाइलच्या दुकानात हुबेहूब अशीच दिसणारी एक स्वस्त वायर मिळते, तिच्यात चिप नसते. ती ठरावीक फोनवरच वाजते, बाकीच्यांवर मुकी. तेव्हा ‘आत डॅक आहे ना?’ असं स्पष्ट विचारा आणि दुकानातच आपल्या फोनला लावून बघा. ॲपलचा डोंगल चांगला असतो, पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज पुरेसा चढत नाही. तुमची ऐकण्याची पातळी आम्हाला ठाऊक आहे, तेव्हा तो नकोच. फीओ, मूनड्रॉप या कंपन्यांचे छोटे डोंगल बघा.

इथे अकिहाबारात ई-इयरफोन नावाचं दुकान आहे. टेबलांवर डॅक मांडलेले, आपला हेडफोन लावायचा आणि निवांत ऐकत बसायचं. तुमच्या आवडीचा एक भूप फोनमध्ये घालून मी तिथे गेले. मोठ्या डॅकवर तानपुऱ्याची जवारी एकदम खुलल्यासारखी वाटली, खर्ज पुढे आला. मग छोट्या डोंगलचा आवाज कानाच्या अंदाजाने तेवढाच चढवला, तर फरक जवळजवळ नाहीसाच झाला. किंचित मोठं वाजलेलं आपल्याला जास्त स्वच्छ वाटतं. दोन डॅक ताडून बघणारे निम्मे लोक इथेच फसत असणार. त्याच डोंगलवर हेडफोन बदलला तेव्हा मात्र तबल्याचा डग्गा नुसता घुमायचा थांबून सुरात बोलायला लागला. पैसे घालायचेच तर तिथे घाला.

काका डॅकची चिप बनवणाऱ्या कंपन्यांची नावं सांगून घाबरवतात ना, एकेएम की ईएसएस? ऑक्टोबर २०२० मध्ये इथल्या क्यूशू बेटावर, नोबेओका गावात, एकेएमच्या कारखान्याला मोठी आग लागली. चिपा मिळेनाशा झाल्या आणि बऱ्याच कंपन्यांनी आपले डॅक दुसऱ्यांच्या चिपा घालून नव्याने बनवले. विक्री काही थांबली नाही. चिपेच्या भोवतीचं सर्किट कसं केलंय आणि पुढचा अॅम्प, म्हणजे आवाजाला जोर देणारा भाग, हेडफोनला किती रेटू शकतो, हे नावापेक्षा मोठं.

हा रेटा किती लागेल, ते हेडफोनच्या खोक्यावरच्या ओमच्या आकड्यावरून (विजेला होणारा विरोध) थोडंफार कळतं. तुमचा ३२ ओमचा आहे, डोंगलवर आरामात वाजेल. उद्या सेनहायझरचा एचडी ६०० घेतलात तर तो ३०० ओमचा. त्याला टेबलावरचा डॅक-अॅम्प शोभेल, तेव्हा खुशाल काकांचं ऐका. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० तर ३२, ८० आणि २५० ओम अशा वेगवेगळ्या प्रकारांत येतो, घेताना आकडा वाचून घ्या.

डॅकच्या खोक्यावरच्या ‘३२ बिट, ७६८ किलोहर्ट्झ’ (म्हणजे सीडीपेक्षा कितीतरी जास्त आणि बारीक आकडे) या छपाईला भुलू नका. सीडीचेच आकडे माणसाच्या कानाला पुरून उरतात, आणि सत्तरीत वरच्या पट्टीतलं बरंच काही तसंही ऐकू येत नाही (रागावू नका). कॅसेटवरून उतरवलेल्या तुमच्या मैफलींतली सळसळ कुठल्याही डॅकने जायची नाही. चांगल्या हेडफोनवर ती उलट जास्त जाणवेल, आणि पहिल्या रांगेतला तो खोकणारा गृहस्थही.

हेडफोनच्या कानाच्या गाद्या फाटल्यात, असंही आई म्हणत होती. मग आधी ते काम करा. गादी कानाला नीट टेकली नाही की खालचे सूर गळतात, आणि आपण दोष फोनला देतो. त्या सुट्या मिळतात. पट्टीच्या आतल्या बाजूला मॉडेलचा नंबर असेल, त्याचा फोटो दादाला काढून पाठवायला सांगा, म्हणजे येताना मी इथूनच घेऊन येईन.

आईला नमस्कार. गुडघ्याचा तो व्यायाम चालू ठेवा.

तुमची,
छोटी