मलप्रभेकाठची गर्दी आणि गावाचा गल्ला

मा. संपादक साहेब, नमस्कार,

पाऊस लागला की शनिवार-रविवारी जांबोटी रोडला गाड्यांची रीघ लागते, कोण कणकुंबी, चोर्ला करत पुढं गोव्याला जातंय, कोण हब्बनहट्टीच्या मारुतीला थांबतंय, कोण खानापूरवरनं असोग्याला जाऊन मलप्रभा नदीत पाय सोडून बसतंय. माणसं आपल्या भागात येतात हे बघून बरं वाटतं, खरंच. पण यातला पैसा आमच्या खानापूर तालुक्यात किती राहतो ते कोणी विचारत नाही. डबा बेळगावातला, चिप्सची पाकिटं बेळगावातली, आणि रिकाम्या बाटल्या तेवढ्या आमच्या काठावर. हीच नदी पुढं सौंदत्तीजवळ नवीलुतीर्थच्या धरणात जाते आणि तिथलं पाणी हुबळी-धारवाडची माणसं पितात, म्हणजे हा नुसता आमच्या गावचा प्रश्न नाही.

गोकाकचं बघा. घटप्रभेचा ५२ मीटरचा धबधबा आणि झुलता पूल बघायला माणूस जातो आणि येताना करदंट घेतल्याशिवाय येत नाही. डिंक, गूळ, सुकामेवा घातलेली एक वडी, पण तिच्यावर किती दुकानं, किती घरं चालतात! धबधबा उन्हाळ्यात आटतो, करदंटची विक्री आटत नाही.

आमच्याकडं काय कमी आहे? खानापूरच्या मातीचं नाव एवढं की खादी ग्रामोद्योगानं कुंभारकाम शिकवायची संस्था इथं काढली, इथली कौलं लांबलांब गेली. मग असोग्याला रामलिंगेश्वराच्या दर्शनाला आलेल्या माणसाला आपल्या कुंभाराच्या हातचं एक मडकं, एक पणती का मिळू नये? चाक फिरताना बघायला पोरं तर तासभर हलणार नाहीत. नाचणीची भाकरी, काजू, मध, पावसातल्या रानभाज्या, आळंबी, हे सगळं इथंच होतं. बायकांच्या संघांना शनिवार-रविवारी काठापासून जरा आत, पार्किंगजवळ जागा द्या, जेवण तिथंच होऊ दे, प्लॅस्टिक आपोआप कमी होतंय की नाही बघा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं मला वाटतं ते पाण्याचं. दर पावसाळ्यात कोणाचं तरी तरुण पोरगं बुडाल्याची बातमी तुमच्याच पेपरात येते, मग बंदी, मग पोलीस, मग चार दिवसांनी परत तेच. बाहेरच्या माणसाला कळत नाही की खानापूरला लख्ख ऊन असलं तरी वर कणकुंबीला पाऊस ओतत असतो आणि नदी बघता बघता चढते. कुठं डोह आहे, कुठला खडक शेवाळलाय, पाण्याचा रंग बदलला की कधी बाहेर पडायचं, हे काठावरच्या पोरांना लहानपणापासून माहीत आहे, आणि हीच पोरं कामासाठी गोव्याला जातात! त्यांना ट्रेनिंग द्या, लाईफ जॅकेट द्या, दोर द्या, आणि पावसाचे चार महिने रीतसर पगार द्या. फुकट सेवा म्हणून नको, घरदार त्यांनाही आहे. पैसा कुठनं आणायचा म्हणाल तर ग्रामपंचायतीनं पार्किंगची पावती फाडावी, आणि त्यातला रुपया न रुपया काठाच्या सफाईला आणि या पोरांना जावा, हिशोब ग्रामसभेत वाचून दाखवावा. पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेबांनी मनावर घेतलं तर हे होतंय.

कळसा-भांडुराचं, म्हणजे म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवायचं कर्नाटक-गोव्याचं भांडण चालू आहे, लवादाचा निकाल २०१८ ला आला तरी मिटलं नाही, ते वरच्या लेव्हलचं. पण म्हणून नदीकाठाकडं बघायचंच नाही असं कसं चालेल? मोठे रिसॉर्ट आले की विकास होणार असं जे म्हणतात त्यांना मी एवढंच विचारतो, तिथं आमच्या माणसांना वेटर, वॉचमन सोडून दुसरं काय काम मिळणार?

बसचंही बघावं. जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना बसप्रवास फुकट झाला आणि सौंदत्तीच्या यल्लम्माला किती गर्दी वाढली ते आपण बघतोच. तशी सुट्टीच्या दिवशी बेळगावहून थेट असोग्यापर्यंत बस सोडली तर गाड्या कमी होतील आणि काठ मोकळा राहील.

तुमच्या वार्ताहराला एकदा सोमवारी सकाळी असोग्याला पाठवा, रविवारची गर्दी ओसरल्यावर काठाचा फोटो काढून छापा, आणि पुढच्या पावसाआधी काय करणार ते पंचायतीला आणि आमदारांना विचारा.

आपला,
एक वाचक, खानापूर